लठ्ठ उंदीर आणि बारीक अंगाचा माणूस

प्रश्न : माझं शेवगावात मेडिकल आहे. हल्ली वजन कमी करण्याच्या इंजेक्शनची चौकशी करायला बरेच जण येतात. कुणी पुण्यातल्या मुलाचं ऐकून येतं, कुणी मोबाइलवर बघून. ही औषधं शरीरातल्या हार्मोनची नक्कल करतात आणि आधी लठ्ठ उंदरांवर तपासली जातात, एवढं मी वाचलं आहे. पण मुळात उंदीर लठ्ठ करतात कसा? आमच्याकडचा शेतातला उंदीर बाजरी खाऊन काही लठ्ठ होत नाही. उंदरावर चाललं ते माणसावर चालेल कशावरून? त्या उंदरांचं पुढे काय होतं? आणि शेवटचं म्हणजे, आमच्या भागात शुगरचे कितीतरी पेशंट अंगाने बारीक असतात. लठ्ठ उंदरावर तपासलेलं औषध त्यांच्या कामाचं आहे का?
— एक वाचक, शेवगाव, जि. अहिल्यानगर

उत्तर : शेतातल्या उंदराबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. बांधावरचा उंदीर रात्रभर धावतो, घुबडाला आणि सापाला चुकवतो, सुगीत पोटभर खातो आणि उन्हाळ्यात अर्धपोटी राहतो. लठ्ठ व्हायला त्याला सवडच नसते. प्रयोगशाळेतला उंदीर पिंजऱ्यात असतो आणि खाद्य कायम तोंडाशी असतं. तरीही साध्या धान्याच्या खाद्यावर तो फार तर गुबगुबीत होतो. खरा लठ्ठ उंदीर हवा असेल तर एक तर त्याच्या जनुकात बिघाड असावा लागतो, नाही तर त्याचं खाणं बदलावं लागतं.

जनुकातल्या बिघाडाची गोष्ट आधी सांगतो. १९४९ साली अमेरिकेत मेन राज्यातल्या बार हार्बर इथे, जॅक्सन प्रयोगशाळेत, काही उंदीर बेसुमार फुगू लागले. वजन नेहमीच्या उंदराच्या तिप्पट, खाणं अखंड, हालचाल नावापुरती. त्या वाणाला ‘ओबी’ म्हणू लागले. पुढे १९६०च्या दशकात तिथेच ‘डीबी’ हा दुसरा वाण सापडला. तोही लठ्ठ, आणि त्याला मधुमेहही जबरदस्त. दोन्ही वाण दिसायला जवळपास सारखे, मग दोघांतला बिघाड एकच की वेगवेगळा? डग्लस कोलमन या शास्त्रज्ञाने दोन-दोन उंदरांची कातडी शेजारी-शेजारी शिवून त्यांचं रक्ताभिसरण एक केलं. वाचायला क्रूर वाटतं, आणि ते क्रूर होतंच. पण त्यातून जे दिसलं ते असं : डीबी उंदीर निरोगी उंदराला जोडला की निरोगी उंदीर खाणं सोडायचा आणि उपासमारीने मरायचा. डीबीला ओबी जोडला तर ओबीची तीच गत व्हायची. ओबी निरोगी उंदराला जोडला, तर मात्र ओबीची भूक आटोक्यात यायची आणि तो उतरायचा.

कोलमनने यावरून ताडलं की ‘पुरे झालं’ हा निरोप रक्तातून नेणारं काहीतरी अंगात फिरतं. ओबीच्या अंगात ते तयारच होत नाही. डीबीच्या अंगात ते भरपूर असतं, पण त्याच्या मेंदूला ते कळत नाही. ते ‘काहीतरी’ हाती लागायला १९९४ साल उजाडलं. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या चमूने ओबी जनुक शोधलं. त्यातून बनणारं हार्मोन चरबीच्या पेशी सोडतात, त्याचं नाव लेप्टिन. पुढच्याच वर्षी ओबी उंदरांना रोज लेप्टिन टोचलं, तर दोन आठवड्यांत त्यांचं वजन ३० टक्क्यांनी उतरलं. डीबी उंदरांवर काहीच परिणाम झाला नाही, म्हणजे कोलमनचा तर्क तंतोतंत खरा ठरला. अॅमजेन कंपनीने या शोधाच्या हक्कांसाठी २ कोटी डॉलर मोजले.

आणि माणसात? १९९९ साली लठ्ठ माणसांवरच्या चाचणीचे निकाल आले तेव्हा निराशा झाली. बहुतेक लठ्ठ माणसांच्या रक्तात लेप्टिन आधीच भरपूर असतं, मेंदूच त्याला दाद देत नाही. वरून आणखी टोचून काय होणार? मात्र जन्मतःच लेप्टिन न बनणारी थोडी मुलं जगात आहेत. १९९७ साली इंग्लंडमध्ये अशी दोन चुलत भावंडं सापडली, आणि अशा मुलांचं आयुष्य या इंजेक्शनने खरोखर बदललं. म्हणजे ओबी उंदराने सांगितलं ते खरंच होतं. पण ते त्याच्या स्वतःच्या आजाराचं उत्तर होतं, आणि तो आजार माणसांत अगदी विरळा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथेच आहे : उंदरावर चाललेलं औषध माणसावर चालेल का, हे तो उंदीर कशामुळे लठ्ठ झाला होता यावर पुष्कळसं ठरतं.

आपल्याकडे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतही असा एक वाण आहे. ही संस्था १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या तपासासाठी सुरू झाली आणि १९५८ साली हैदराबादला आली. तिथल्या विस्टार जातीच्या पांढऱ्या उंदरांच्या जुन्या वसाहतीत आपोआपच एक लठ्ठ वाण निपजला. त्याच्या रक्तात लेप्टिन भरपूर असतं तरी तो खातच सुटतो, त्याला पिल्लं होत नाहीत आणि तो लवकर मरतो. लठ्ठपणावरच्या संशोधनासाठी तो जपून वाढवला जातो.

खाऊन लठ्ठ झालेला उंदीर

लेप्टिनच्या अनुभवानंतर औषध तपासणारे लोक जास्त भरवसा ठेवू लागले ते दुसऱ्या तऱ्हेच्या उंदरावर, म्हणजे खाऊन लठ्ठ झालेल्या. त्यासाठी बहुधा ‘सी५७ ब्लॅक ६’ नावाचा काळा छोटा उंदीर घेतात. दीड-दोन महिन्यांचा झाला की त्याला असं खाद्य सुरू करतात की ज्यातल्या १०० पैकी ६० उष्मांक चरबीतून येतात, आणि ती चरबी मुख्यतः डुकराची. अनेक प्रयोगशाळांत या खाद्याच्या गोळ्या निळ्या रंगाच्या असतात, कमी चरबीच्या खाद्याशी गफलत होऊ नये म्हणून. हाताला त्या मऊ आणि तेलकट लागतात. तीन-चार महिन्यांत २०-२५ ग्रॅमचा उंदीर ४५ ग्रॅमच्या पुढे जातो. रक्तातली साखर चढते, यकृतात चरबी साठते. काही उंदीर हेच खाद्य खाऊनही लठ्ठ होत नाहीत, त्यांना बाजूला काढतात.

आता औषध. तुमच्या दुकानात ज्यांची विचारणा होते ती सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड, लिराग्लुटाइड ही औषधं जीएलपी-१ या हार्मोनची नक्कल करतात. टिर्झेपाटाइड त्याबरोबर जीआयपी या आणखी एका हार्मोनचीही करतं. आपण जेवलो की आतड्यातल्या काही पेशी जीएलपी-१ सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला सांगतं, जठर रिकामं होण्याचा वेग कमी करतं आणि मेंदूला पोट भरल्याची खबर देतं. अडचण अशी की अंगातलं मूळ जीएलपी-१ एक-दोन मिनिटंच टिकतं, डीपीपी-४ नावाचं एन्झाइम त्याचा लगेच तुकडा पाडतं. (तुम्ही रोज विकता त्या सिटाग्लिप्टिन, विल्डाग्लिप्टिनच्या गोळ्या याच एन्झाइमला अडवतात.) म्हणून कामाचं तसंच पण टिकाऊ असं काहीतरी हवं होतं. ते आधी सापडलं एका सरड्याच्या विषात! अमेरिकेच्या वाळवंटातल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या विषातून जॉन इंग यांनी १९९२ साली एक्झेंडिन-४ वेगळं काढलं. त्याची रचना माणसाच्या जीएलपी-१ शी निम्म्याहून थोडी जास्त जुळते. त्यावरून बनलेलं एक्झेनाटाइड २००५ साली अमेरिकेत मधुमेहासाठी बाजारात आलं. सेमाग्लुटाइड वेगळ्या वाटेने बनलं. तिथे मूळ हार्मोनच थोडं बदलून त्याला मेदाम्लाची एक लांब शेपटी जोडली. त्या शेपटीमुळे ते रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला धरून राहतं आणि माणसाच्या अंगात आठवडाभर पुरतं.

या औषधांनी भूक कमी होते हे दाखवून दिलं ते उंदरांनीच. १९९६ साली लंडनमधल्या हॅमरस्मिथ रुग्णालयातल्या संशोधकांनी जीएलपी-१ थेट उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत सोडलं, तेव्हा उपाशी उंदरांचंही खाणं लक्षणीय घटलं. पुढे लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड मेंदूत नेमकं कुठे पोहोचतं तेही उंदरांच्याच मेंदूत पाहिलं गेलं. मेंदूभोवतीचा पडदा ओलांडून ते सगळीकडे पसरत नाही. जिथे तो पडदा विरळ असतो अशा मेंदूच्या देठाजवळच्या आणि हायपोथॅलॅमसच्या ठरावीक जागी जाऊन ते काम करतं. माणसाचा मेंदू असा कापून बघता येत नाही, म्हणून ही माहिती उंदराशिवाय मिळाली नसती.

प्रत्यक्ष चाचणी कशी होते तेही सांगतो, कारण त्यातली काळजी बघितली की निकालाचं वजन कळतं. औषध सुरू करण्याआधी काही दिवस उंदरांना नुसतं मिठाचं पाणी टोचतात. सुईच्या आणि हाताच्या भीतीनेच उंदीर खाणं कमी करतो, तेव्हा आधी त्याला सुईची सवय व्हावी लागते. मग वजनं बघून सारख्या सरासरीचे गट पाडतात. एका गटाला औषध, दुसऱ्याला औषधाविना तोच द्राव. पुष्कळदा तिसरा गटही असतो. औषध घेतलेल्या उंदराने काल जेवढं खाल्लं तेवढंच मोजून या गटाला देतात, औषध मात्र देत नाहीत. वजन फक्त कमी खाण्याने उतरलं की औषध आणखीही काही करतंय, हे या तिसऱ्या गटाशिवाय कळत नाही. ज्या चाचणीत हा गट नसेल, तिचा निकाल मी तरी हात राखूनच वाचतो. उंदीर रात्री खातो, म्हणून दिवे मालवण्याच्या सुमारास औषध देतात आणि रोज ठरल्या वेळी खाद्य तोलतात. भुशात सांडलेला चुरासुद्धा चाळून तोलतात, नाही तर सांडलेलं खाल्लेल्यात जमा होतं. शेवटी उंदराला एका नळीत बसवून चुंबकीय यंत्राने त्याच्या अंगात चरबी किती आणि स्नायू किती ते मोजतात. त्याला भूल द्यावी लागत नाही, दोन-चार मिनिटांत काम होतं.

खोलीचं तापमानसुद्धा निकाल फिरवू शकतं. माणसांना बरं वाटावं म्हणून प्रयोगशाळा २२ अंशांवर ठेवतात. उंदराला सुख वाटतं ते ३० अंशांच्या आसपास. २२ अंशांत तो सतत थंडीशी झुंजत असतो आणि खाल्लेल्यातलं बरंच ऊब राखण्यात जाळतो. अशा उंदरात उष्मांक जाळणारं औषध फार प्रभावी दिसतं, आणि माणसात गेल्यावर तोच प्रभाव फिका पडतो. मात्राही जशीच्या तशी नेता येत नाही. लहान जिवाच्या शरीरातले व्यवहार वेगाने चालतात, म्हणून किलोमागे मात्रेचा हिशेब करताना छोट्या उंदराचा आकडा सुमारे १२ ने भागून माणसासाठीचा प्राथमिक अंदाज काढतात. माणसाला आठवड्यातून एकदा लागणारं सेमाग्लुटाइड उंदराला बहुधा रोज टोचावं लागतं.

जे उंदराला सांगता येत नाही

तुमच्या गिऱ्हाइकांपैकी ज्यांनी हे इंजेक्शन घेतलं त्यांनी मळमळीची तक्रार केलीच असेल. हे कळायला उंदीर फार अवघड प्राणी, कारण उंदराला उलटीच होत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. मग औषधाने खाणं कमी झालं ते पोट भरल्यासारखं वाटून, की आजारी वाटून?

याची एक परीक्षा आपले शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. झिंक फॉस्फाइडचं आमिष लावायचं तर आधी दोन-तीन दिवस बिनविषारी भरडा ठेवावा लागतो. उंदीर नवीन पदार्थ आधी चिमूटभरच चाखतो, आणि चाखून अस्वस्थ वाटलं तर पुन्हा त्या चवीकडे फिरकत नाही. प्रयोगशाळेत हीच खोड वापरतात. उंदराला सॅकरीनचं गोड पाणी पाजायचं आणि लगेच औषध टोचायचं. पुढच्या वेळी त्याने ते गोड पाणी टाळलं, तर औषधाने त्याला बरं वाटलं नव्हतं असं समजायचं. दुसरी परीक्षा मातीची. मळमळणारा उंदीर केओलिन ही पांढरी माती खातो, आणि जितकी मळमळ जास्त तितकी माती जास्त. म्हणून पिंजऱ्यात खाद्याशेजारी मातीच्या गोळ्या ठेवून त्या रोज तोलतात.

आणि खरोखरची उलटी बघायची असेल तर संशोधक आपल्या घरातल्या चिचुंद्रीकडे वळतात. चिचुंद्री उंदरासारखी दिसते, पण ती उंदराच्या कुळातली नाही आणि तिला उलटी होते. हाँगकाँगमध्ये आणि अमेरिकेत चिचुंद्रीला एक्झेंडिन-४ देऊन पाहिलं तेव्हा तिने उलट्या केल्या. मळमळ न करणारं औषध बनवायच्या प्रयत्नात आज तिला मोठा मान आहे.

मनाचं दुखणं मात्र माती तोलून कळत नाही. रिमोनाबँट नावाचं औषध हार्मोनची नक्कल करणारं नव्हतं, मेंदूतली भूक चेतवणारी एक यंत्रणा ते अडवायचं. लठ्ठ प्राण्यांत त्याने वजन छान उतरवलं, माणसांतही उतरवलं. पण ते घेणाऱ्यांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार वाढले. २००८ साली युरोपात ते थांबवलं गेलं, नंतर भारतातही त्यावर बंदी आली. पिंजऱ्यातला उदास उंदीर आणि पोट भरलेला उंदीर दिसायला सारखेच, दोघेही कोपऱ्यात बसून राहतात.

उलट प्रकारही घडतो. लिराग्लुटाइड आणि सेमाग्लुटाइड दीर्घकाळ दिलेल्या उंदरांत थायरॉइडच्या सी-पेशींच्या गाठी आढळल्या. उंदरांच्या या पेशींवर जीएलपी-१ चे रिसेप्टर (हार्मोन पकडणाऱ्या जागा) भरपूर असतात, माणसाच्या पेशींवर फारच कमी, आणि माकडांत अशा गाठी दिसल्या नाहीत. तरीही घरात कुणाला याच पेशींचा मेड्युलरी थायरॉइड कॅन्सर झालेला असेल तर ही औषधं द्यायची नाहीत, असा इशारा वेष्टनातल्या माहितीपत्रकात आहे. तो उंदरांमुळेच आला आहे. कुणी ‘आमच्या घरात थायरॉइडच्या गाठीचं ऑपरेशन झालंय’ म्हणालं, तर औषध देण्याआधी त्यांना पुन्हा डॉक्टरकडे धाडा.

एवढं असूनही जीएलपी-१ च्या बाबतीत लठ्ठ उंदराचा शब्द माणसात खरा ठरला. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या १,९६१ लोकांच्या चाचणीत सेमाग्लुटाइडने ६८ आठवड्यांत सरासरी १४.९ टक्के वजन उतरवलं, तर नुसता द्राव घेणाऱ्यांचं २.४ टक्के. दोन हार्मोनांची नक्कल एकाच रेणूत करण्याची कल्पना २०१३ साली लठ्ठ उंदरांत यशस्वी झाल्याचं प्रसिद्ध झालं. २०२२ साली टिर्झेपाटाइडच्या चाचणीत सर्वांत मोठ्या मात्रेवर सरासरी २०.९ टक्के घट दिसली. त्यापुढचं पाऊल तर उंदराशिवाय कुणी टाकलंच नसतं. ग्लुकॅगॉन हे साखर वाढवणारं हार्मोन, आणि तेच तिसरं म्हणून जोडायचं! लठ्ठ उंदरांत ते चाललं, आणि त्याच वाटेवरचं रेटाट्रुटाइड आज माणसांच्या चाचण्यांत आहे. मुंबईच्या सन फार्माचं उट्रेग्लुटाइडही लठ्ठ उंदरांच्या चाचणीतूनच माणसांपर्यंत आलं.

औषध थांबवलं की वजन परत चढतं, हेही उंदीर आणि माणूस दोघांत सारखंच. सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी साधारण दोन तृतीयांश वजन परत आलं. ‘तीन महिन्यांचा कोर्स’ मागायला येणाऱ्याला हे आधी सांगायला हवं.

त्या उंदरांचं पुढे काय होतं

बहुतेकांना चाचणी संपल्यावर भूल देऊन मारतात आणि यकृत, स्वादुपिंड, हृदय, मेंदू तपासतात. हे मला आडवळणाने सांगायचं नाही. आपल्याकडे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा आणि त्याखालचे १९९८ चे नियम आहेत. प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते, आणि किती प्राणी, कशासाठी, वेदना कमी कशी करणार हे लिहून दिल्याशिवाय परवानगी मिळत नाही. २०२३ साली औषध-चाचण्यांचे नियम बदलून प्राण्यांऐवजी पेशी, ऊती आणि संगणकावरच्या पद्धतींनाही जागा दिली. थायरॉइडच्या पेशीवर रिसेप्टर किती, यासारखे प्रश्न अशा पद्धतींनी सुटतील आणि सुटावेतच. भूक मात्र ताटलीतल्या पेशीला लागत नाही. तिला आतडं, रक्त आणि मेंदू एकत्र लागतात, म्हणून या विषयात उंदीर इतक्यात सुटेल असं मला वाटत नाही.

आणि बारीक अंगाचा माणूस

तुमचा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. जगभरातले बहुतेक लठ्ठ उंदीर डुकराच्या चरबीवर पोसलेले आहेत. त्यांच्या आई-आज्या पोटभर खाऊन होत्या. तुमच्या तालुक्यातल्या माणसाचा इतिहास तसा नाही. शेवगाव-पाथर्डीकडची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या दुष्काळ काढत आली. ७२ च्या दुष्काळात खडी फोडून, सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढलेल्या आयांच्या पोटात जी मुलं होती, ती आज पन्नाशी ओलांडून तुमच्या काउंटरवर मेटफॉर्मिन घ्यायला उभी आहेत.

या शरीराचा अभ्यास पुण्यात झाला आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर बायांचा आणि त्यांच्या मुलांचा मागोवा घेतला. तिथल्या बाळांचं जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. आपली बाळं जवळजवळ सगळ्याच मापांत लहान, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र त्या मानाने राखलेली. म्हणजे कमी भरले ते स्नायू आणि पोटातले अवयव. २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये डॉ. याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी उभा असलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. वजनकाट्याला हा फरक दिसत नाही.

याला जोडून पुण्यातच उंदरांवर एक असा प्रयोग झाला, ज्याची माहिती मराठी वाचकांना फारशी नाही याची मला खंत वाटते. विस्टार जातीच्या उंदरांना ५० पिढ्या अर्धपोटी ठेवलं. मग त्यांच्या पुढच्या दोन पिढ्यांना पोटभर नेहमीचं खाद्य दिलं. पुण्यातलं राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र, डी. वाय. पाटील वैद्यकीय महाविद्यालय आणि सिडनी विद्यापीठ यांचा त्यात सहभाग होता. आनंदवर्धन हर्डीकर यांच्या नेतृत्वाखालचं हे काम २०१५ साली ‘सेल मेटाबॉलिझम’मध्ये प्रसिद्ध झालं, डॉ. याज्ञिकही त्यात होते. ते उंदीर जन्मताना हलके होते, पण त्यांच्या पोटात अवयवांभोवती चरबी जास्त होती. रक्तात इन्सुलिन जास्त, आणि त्याचा परिणाम कमी. व्हिटॅमिन बी-१२ कमी. स्वादुपिंडावर घाव घालणारं रसायन दिलं तर मधुमेह होण्याचा धोका साध्या उंदरांच्या आठपट. आणि दोन पिढ्या नीट खाऊनही हे बिघाड भरून आले नाहीत.

उंदराचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत हे वर लिहिलंच आहे, आणि ते इथेही लागू आहे. पण तुमच्या बारीक पेशंटशी निळ्या गोळ्या खाणाऱ्या उंदरापेक्षा हा उपाशी पिढ्यांचा उंदीर कितीतरी जवळचा आहे. भारतात विकायच्या वजनाच्या औषधांची परीक्षा अशा उंदरावरही व्हावी, असं माझं ठाम मत आहे. त्यात पहिला प्रश्न स्नायूंचा असावा. सेमाग्लुटाइडने उतरलेल्या वजनात चरबीचा वाटा मोठा असला, तरी बऱ्यापैकी भाग स्नायूंसह इतर ऊतींचाही असतो. ज्याच्या अंगावर मुळात स्नायू भरपूर आहेत त्याला ते सोसेल. ऊसतोडीला जाणारा, ज्याचे स्नायू हेच भांडवल, पण जो आईच्या पोटातूनच ते कमी घेऊन आला, त्याला किती सोसेल?

आज तुमच्या दुकानापुरतं सांगायचं तर, वजन कमी करण्यासाठीच्या या इंजेक्शनची अट बीएमआय ३० किंवा त्याहून जास्त, अथवा २७ आणि सोबत वजनाशी निगडित आजार, अशी आहे. बारीक अंगाचा शुगरचा पेशंट त्यात बसत नाही. मधुमेहासाठी याच गटातलं औषध द्यायचं की नाही, हे त्याचे डॉक्टर साखर, वजन आणि मूत्रपिंड बघून ठरवतील. चिठ्ठीशिवाय ते कुणालाच देऊ नका. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांचं बी-१२ आणखी कमी होऊ शकतं, त्यांना ते तपासून घ्यायला सांगा. आणि वजनकाट्याशेजारी शिंप्याची टेप ठेवा. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या पुढे किंवा बाईचा ८० च्या पुढे असेल, तर काट्यावर वजन कितीही कमी दिसो, त्यांना ग्रामीण रुग्णालयात साखर तपासायला पाठवा.